लॉनमोअरचे इंजिन शर्यतीसाठी : वाचकांचे प्रश्न आणि उत्तरे

गवत कापायच्या यंत्रावर बसून शर्यत लावायची, ही कल्पना १९७३ मध्ये इंग्लंडमधल्या विजबरो ग्रीन गावात निघाली. पाती काढून टाकायची आणि कमी खर्चात शर्यतीची हौस भागवायची, एवढाच तेव्हाचा हेतू होता. अमेरिकेत या खेळाची संघटना १९९२ मध्ये उभी राहिली आणि आज त्यात साध्या इंजिनापासून पूर्ण बदललेल्या इंजिनापर्यंत अनेक गट आहेत. या वेळी आलेल्या बहुतेक पत्रांचा रोख एकच आहे : इंजिन जास्त फिरवायचे कसे? उत्तरांतले आकडे सोयीसाठी मुख्यतः होंडा जीएक्स२०० चे घेतले आहेत (बोअर म्हणजे सिलिंडरचा व्यास ६८ मिमी, स्ट्रोक म्हणजे पिस्टनची चाल ५४ मिमी, १९६ सीसी). तुमचे इंजिन दुसरे असेल तर त्याच्या मॅन्युअलमधले आकडे धरा. पाना हातात घेण्याआधी आपल्या गटाचे नियम वाचा. काही गटांत इंजिन कारखान्यातून आले तसेच ठेवावे लागते.

प्रश्न : माझ्या मित्राने फक्त गव्हर्नरचा (इंजिनाचे फेरे मर्यादेत ठेवणाऱ्या भागाचा) दांडा सोडवला आणि त्याची गाडी जोरात पळायला लागली. मग बाकीच्या सुट्या भागांवर खर्च कशाला करायचा?

उत्तर : गाडी पळाली यात नवल नाही. गव्हर्नर सुटला की मोकळे इंजिन पाच हजार फेऱ्यांच्याही पुढे जाते. पण लॉनमोअरचे इंजिन कारखान्यातून मिनिटाला सुमारे ३६०० फेऱ्यांवर बांधून येते आणि आतला प्रत्येक भाग त्याच हिशेबाने बनवलेला असतो. रॉड (पिस्टनला क्रँकशी जोडणारा दांडा) ओतीव ॲल्युमिनियमचा असतो, फ्लायव्हील (क्रँकच्या टोकावरचे जड चाक) ओतीव लोखंडाचे, व्हॉल्व्हच्या स्प्रिंगा हलक्या. गव्हर्नर म्हणजे या सगळ्यांच्या आयुष्याची राखण करणारा भाग.

एक हिशेब करून पाहा. पिस्टन वरच्या टोकाला जाऊन थांबतो आणि उलटा फिरतो, तेव्हा रॉडला त्याला ओढून खाली आणावे लागते. पिस्टन, पिन आणि रिंगा मिळून २०० ग्रॅम धरा. ५४ मिमी स्ट्रोक आणि सुमारे ८४ मिमी लांबीचा रॉड असेल तर ३६०० फेऱ्यांना हा ओढा साधारण १०० किलो भरतो. ५४०० ला तो २३० किलो होतो आणि ७२०० ला ४०० च्या वर जातो. फेरे दुप्पट झाले की ओढा चौपट. सगळ्यात वाईट क्षण एक्झॉस्ट स्ट्रोक संपताना येतो. त्या वेळी पिस्टनच्या डोक्यावर जळत्या वायूचा दाब नसतो आणि सगळा भार रॉडच्या खालच्या टोपीवर, तिच्या दोन बोल्टांवर पडतो. रॉड तुटला की त्याचे तुकडे क्रँककेसला भोक पाडून बाहेर येतात.

फ्लायव्हीलचे त्याहून गंभीर आहे. १८ सेंटीमीटर व्यासाचे फ्लायव्हील ७००० फेऱ्यांनी फिरते तेव्हा त्याच्या कडेचा वेग ताशी सुमारे २३७ किलोमीटर असतो. ओतीव लोखंडात बारीक चीर असेल तर ते फुटते आणि पत्र्याचे पातळ आवरण त्याचे तुकडे अडवू शकत नाही. लॉनमोअरवर इंजिन चालकाच्या पायांपासून हातभर अंतरावर असते. म्हणून आमचा क्रम ठरलेला आहे : आधी बिलेट रॉड आणि बिलेट फ्लायव्हील (बिलेट म्हणजे घन ॲल्युमिनियमच्या ठोकळ्यातून मशीनवर कापलेले), मग स्प्रिंगा, मग गव्हर्नर काढणे आणि सगळ्यात शेवटी कार्बोरेटर. रॉड आणि फ्लायव्हील बदलायचे नसेल तर गव्हर्नर जागेवर राहू द्या आणि वेग पुलीच्या मापातून मिळवा.

रॉड बसवताना दोन गोष्टींत घाई नको. पहिली, खालच्या बेअरिंगमधली फट. क्रँकपिनवर (क्रँकच्या ज्या भागावर रॉड बसतो तिथे) प्लास्टिगेजचा, म्हणजे फट मोजायचा मऊ धागा ठेवा, टोपी ठरलेल्या टॉर्कला आवळा, परत उघडा आणि चपटलेल्या धाग्याची रुंदी पट्टीवर मोजा. ०.०५ ते ०.०८ मिमी फट योग्य. यापेक्षा कमी असेल तर गरम झाल्यावर ॲल्युमिनियम पिनला धरते. मूळ रॉडच्या बोल्टांचा टॉर्क १२ न्यूटन-मीटर आहे. बिलेट रॉडचा आकडा वेगळा असतो, तो रॉडसोबतच्या कागदावरूनच घ्या. दुसरी गोष्ट, बिलेट रॉड मूळ रॉडपेक्षा जाड असतो. तो बसवल्यावर क्रँक हाताने सावकाश दोन पूर्ण फेरे फिरवा. कॅमच्या उंचवट्याला किंवा क्रँककेसच्या भिंतीला कुठेही टेकत असेल तर हाताला अडथळा लागतो.

फेरे मोजायला प्लगच्या वायरभोवती गुंडाळायचा टॅकोमीटर पुरतो. मात्र या इंजिनांत प्लग दर फेऱ्याला पेटतो, दोन फेऱ्यांत एकदा नाही. टॅकोमीटरची मांडणी त्याप्रमाणे केली नाही तर आकडा दुप्पट किंवा निम्मा दिसतो.

प्रश्न : गव्हर्नर काढताना आतले नक्की काय काढायचे? माझे इंजिन उभ्या शाफ्टचे आहे.

उत्तर : बरे झाले आधी विचारलेत. आडव्या शाफ्टच्या इंजिनात बाजूचे कव्हर उघडले की गव्हर्नरचे प्लास्टिकचे गिअर दिसते. ते, त्याची क्लिप, वॉशर आणि आतला दांडा, सगळे बाहेर काढायचे. अर्धवट काढलेले गिअर पुढे सुटून कॅमच्या दात्यांत अडकते. दांडा जिथून बाहेर येतो ते भोक आटे पाडून बोल्टने बंद करा, नाहीतर तिथून तेल गळते.

उभ्या शाफ्टच्या पुष्कळ इंजिनांत, विशेषतः ब्रिग्ज कंपनीच्या, गव्हर्नरचे गिअर आणि तेल उडवणारे चाक हा एकच भाग असतो. खाली साचलेले तेल हीच पाती वर फेकतात. तो भाग पूर्ण काढला तर इंजिनाला तेलच मिळत नाही. फक्त गव्हर्नरची वजने काढा आणि पाती असलेले गिअर परत जागेवर बसवा.

गव्हर्नर गेला की थ्रॉटल बंद करणारे आतले काही उरत नाही. केबल थेट कार्बोरेटरच्या पाकळीला जोडा आणि परतीच्या स्प्रिंगा दोन लावा. एक तुटली तरी दुसरीने पाकळी बंद झाली पाहिजे. चालकाच्या मनगटाला बांधलेली दोरी सुटताच ठिणगी देणाऱ्या कॉइलची वायर इंजिनाच्या धातूला जोडली जाऊन (अर्थिंग होऊन) इंजिन बंद पडेल असा किल स्विच लावा. तो चालू इंजिनावर दोरी ओढून तपासा आणि प्रत्येक शर्यतीआधी परत तपासा.

प्रश्न : बिलेट रॉड आणि फ्लायव्हील घातले आहे. पण ५२०० च्या आसपास इंजिन फडफडते आणि पुढे जात नाही. कार्बोरेटरचा जेट (पेट्रोल सोडणारे भोक) मोठा करून पाहिला, फरक नाही.

उत्तर : हे इंधनाचे दुखणे नाही, व्हॉल्व्हच्या स्प्रिंगांचे आहे. एका ठरावीक वेगाच्या पुढे हलकी स्प्रिंग व्हॉल्व्हला कॅमच्या उतारावरून वेळेत खाली आणू शकत नाही. व्हॉल्व्ह हवेत तरंगतो, उशिरा बसतो, आणि तोवर कॉम्प्रेशन निसटलेले असते. इंधनाची अडचण असती तर जेट बदलल्यावर फडफडीचा आकडा वरखाली झाला असता. तो जिथल्या तिथे राहिला, यावरून ओळखायचे.

मूळ स्प्रिंगेचा बसलेला दाब (व्हॉल्व्ह बंद असतानाचा) साधारण १० ते ११ पौंड असतो (विक्रेते हा आकडा पौंडांतच देतात). १८ पौंडांची स्प्रिंग सहा हजारांपर्यंत पुरते. त्याच्या वर जायचे असेल तर २२ किंवा २६ पौंडांची लागते, पण तेव्हा पुशरॉडही मजबूत हवेत, कारण मूळ पुशरॉड वाकतात. गरजेपेक्षा जड स्प्रिंग घालू नका. ती प्रत्येक फेऱ्याला कॅम आणि टॅपेटचे तोंड घासत राहते आणि त्यात ताकदही खर्च होते.

स्प्रिंग बदलायला हेड उतरवावे लागत नाही. पिस्टन थोडा खाली घ्या, प्लगच्या भोकातून सुती दोरी आत सोडा आणि क्रँक हाताने फिरवून पिस्टनने ती दोरी वर दाबा. व्हॉल्व्ह खालून आधारला जातो आणि आत पडत नाही. दोरीचे एक टोक बाहेर राहील याची काळजी घ्या. नवी स्प्रिंग बसल्यावर व्हॉल्व्ह पूर्ण उघडा करून स्प्रिंगेच्या वेटोळ्यांमध्ये मिळून निदान ०.५ मिमी जागा उरते का ते पाहा. वेटोळी एकमेकांवर टेकली तर पुशरॉड किंवा रॉकरचा स्टड जातो. मग फट लावा : थंड इंजिनावर इनटेक ०.१५ मिमी, एक्झॉस्ट ०.२० मिमी. ही फट कॉम्प्रेशनच्या वरच्या टोकाच्या किंचित पुढे लावायची. सुरू करायला सोपे जावे म्हणून कॅमवर एक डिकॉम्प्रेशनची कळ असते. ती कॉम्प्रेशन चालू असताना एक्झॉस्ट व्हॉल्व्ह किंचित उचलून धरते. त्या जागी फट लावली तर आकडा चुकतो. पहिल्या दहा मिनिटांच्या चालवणीनंतर फट परत मोजा, नव्या स्प्रिंगांनी ती हमखास बदललेली असते.

प्रश्न : फ्लायव्हीलची चावी दोनदा कापली गेली. स्टीलची चावी बनवून घालू का? आणि त्याच वेळी टायमिंग (ठिणगी पडण्याची वेळ) पुढे घेता येईल का?

उत्तर : चावीचे काम फक्त फ्लायव्हील योग्य कोनात बसवण्याचे. भार पेलायचा तो क्रँकच्या निमुळत्या टोकाने आणि फ्लायव्हीलच्या निमुळत्या भोकाने, एकमेकांना घट्ट धरून. चावी कापली जाते याचा अर्थ ही दोन तोंडे नीट जुळत नाहीत. स्टीलची चावी घातली तर पुढच्या वेळी क्रँकचा खाचा फाटेल.

तोंडे जुळवून घ्या. चावी काढा, क्रँकच्या टोकाला व्हॉल्व्हला लावतात ती बारीक ग्राइंडिंग पेस्ट लावा, फ्लायव्हील हलक्या हाताने दाबून अर्धा अर्धा फेरा मागेपुढे घासा. दोनतीन मिनिटांनी पुसून पाहा. सगळीकडे एकसारखा राखाडी पट्टा दिसला की काम झाले. मध्ये चमकदार बेटे दिसत असतील तर अजून घासायचे आहे. पेट्रोलने धुऊन पूर्ण कोरडे करा, तेलाचा थेंबही नको, आणि नट ७५ न्यूटन-मीटरला आवळा. कॉइलची फट होंडावर सुमारे ०.४ मिमी असते, ब्रिग्जच्या बहुतेक इंजिनांवर ०.२५ ते ०.३५ मिमी. ब्रिग्जसाठी एक जाडसर व्हिजिटिंग कार्ड मध्ये धरून कॉइल आवळली तरी चालते.

टायमिंग पुढे घेता येते. मूळ ठिणगी वरच्या टोकाच्या २० अंश आधी पडते. फेरे वाढले की मिश्रण जळायला तेवढ्याच वेळात जास्त अंश सरकून जातात, म्हणून ती आणखी आधी हवी असते. सरकवलेली चावी हा सोपा उपाय. २० मिमी व्यासाच्या शाफ्टवर १ अंश म्हणजे जेमतेम ०.१७ मिमी, म्हणून ४ अंशांसाठी चावीला सुमारे ०.७ मिमीची पायरी लागते. कानशीने असली चावी घडवू नका, तयार विकत घ्या. ४ अंशांवर थांबा आणि चालवून पाहा. सुरू करताना दोरी हातातून उलटी हिसकली जात असेल किंवा चढाला भार आल्यावर बारीक खणखण ऐकू येत असेल तर जास्त झाले, २ अंशांवर या.

प्रश्न : एअर क्लीनरचा डबा काढून कोन फिल्टर लावला, सायलेन्सरच्या जागी सरळ पाइप लावला. आता पूर्ण थ्रॉटलला इंजिन दम टाकते. चोक थोडा ओढला की उलट बरे पळते.

उत्तर : चोक ओढल्यावर सुधारते, यातच उत्तर आहे. हवा वाढली, पेट्रोल तेवढेच राहिले. मिश्रण पातळ झाले. असे चालवत राहिलात तर प्लगचे टोक आणि पिस्टनचे डोके तापून वितळायला वेळ लागत नाही.

मेन जेट मोठा करायचा, पण तुटक उड्या मारून नाही. जेटमधून जाणारे पेट्रोल भोकाच्या क्षेत्रफळावर ठरते. ०.७० मिमीचे भोक ०.७५ केले की क्षेत्रफळ जवळजवळ १५ टक्के वाढते. ०.०५ मिमी म्हणजे डोळ्याला न दिसणारा फरक, आणि परिणाम एवढा. म्हणून जेटचा संच घ्या आणि एकेक पायरी चढा. भोक पाडायचेच असेल तर ड्रिल हाताच्या पिन-व्हाइसमध्ये धरा, विजेच्या ड्रिलने पितळ फाटते आणि भोक तिरके होते. बदलण्याआधी मूळ जेट जपून ठेवा.

प्रत्येक पायरीला प्लग वाचा. नवा प्लग लावा, लांब सरळ रस्त्यावर पूर्ण थ्रॉटलला पळवा आणि थ्रॉटल न सोडताच किल स्विचने बंद करा. आयडलवर (थ्रॉटल सोडल्यावरच्या मंद फेऱ्यांवर) येऊ दिलेत तर आयडलची काजळी प्लगवर चढते आणि वाचलेले सगळे खोटे ठरते. प्लग काढून भिंगातून आत बघा. पांढऱ्या चिनीमातीच्या बुडाशी, जिथे ती धातूत शिरते, तिथे फिकट तपकिरी कडे हवे. वरपासून खालपर्यंत खडूसारखी पांढरी असेल तर पातळ. चिनीमातीवर चंदेरी कण चमकत असतील तर ते पिस्टनचे ॲल्युमिनियम आहे, तिथेच थांबा. पूर्ण काळी, मखमलीसारखी काजळी म्हणजे जाड मिश्रण. जाड मिश्रणात ताकद थोडी कमी मिळते, पण इंजिन टिकते. दोन जेटांच्या मध्ये अडकलात तर मोठा ठेवा.

सरळ पाइपला एक आधाराची पट्टी इंजिनाच्याच बोल्टाला धरून लावा, चासीला नाही. एका सिलिंडरचे इंजिन थरथरते तेव्हा लोंबणारा पाइप हेडमधले एक्झॉस्टचे स्टड आट्यांसकट ओढून काढतो.

प्रश्न : मैदानाच्या दोन फेऱ्या उत्तम जातात, मग इंजिन बंद पडते. मिनिटभराने पुन्हा सुरू होते.

उत्तर : पेट्रोलच्या टाकीचे झाकण किंचित सैल करून पळवा. बंद पडणे थांबले तर झाकणाचे हवेचे भोक बुजलेले आहे : टाकीत पोकळी तयार होते आणि पेट्रोल खाली उतरत नाही. तसे नसेल तर टाकीची उंची पाहा. टाकी कार्बोरेटरच्या खाली गेली असेल तर क्रँककेसच्या ठोक्यांवर चालणारा छोटा डायफ्राम पंप लागतो. फक्त वळणावर बंद पडत असेल तर कार्बोरेटरच्या फ्लोटच्या (पेट्रोलची पातळी राखणाऱ्या तरंगत्या भागाच्या) वाटीतले पेट्रोल एका बाजूला जाऊन जेट उघडा पडतो आहे. फ्लोटची पातळी मॅन्युअलप्रमाणे लावा आणि नीडलची (पेट्रोल अडवणाऱ्या सुईची) जागा झिजली आहे का ते पाहा.

प्रश्न : मैदान खडबडीत आहे. ब्रीदरमधून (क्रँककेसची हवा बाहेर सोडणाऱ्या नळीतून) तेल उडून एअर फिल्टर भिजतो आणि धूर येतो. तेल थोडे कमी भरू का?

उत्तर : कमी भरू नका. या इंजिनात तेलाचा पंप नसतो. रॉडच्या खालची पळी तेलात बुडून शिंपडते, तेवढेच वंगण. जीएक्स२०० ला ०.६ लिटर तेल लागते. पातळी खाली गेली की वळणावर पळी कोरडी फिरते. जास्त भरलेत तरी वाईट, पळी तेल घुसळून फेस करते आणि फेसाला वंगणाचा गुण नसतो.

ब्रीदरची नळी फिल्टरपासून सोडवा आणि इंजिनापेक्षा उंच लावलेल्या छोट्या डब्यात न्या. डब्याच्या तोंडावर बारीक फिल्टर हवा. नळी बंद करून टाकण्याचा मोह होतो, तो टाळा : क्रँककेसमध्ये दाब साठतो आणि क्रँकचे सील बाहेर येते. डबा प्रत्येक शर्यतीत भरत असेल तर दोष ब्रीदरचा नाही, रिंगांतून दाब खाली येतो आहे. रिंगा बदला आणि नव्या रिंगांसाठी सिलिंडरला होनिंग करून, म्हणजे आतून बारीक जाळीदार रेघा पाडून घ्या.

तेलाची पातळी कमी झाल्यावर ठिणगी तोडणारा सेन्सर असेल तर त्याची वायर सोडवा, नाहीतर तो प्रत्येक उडीला इंजिन तोडतो. मग मात्र दर शर्यतीआधी तेल काडीने बघणे तुमच्यावर आले.

प्रश्न : जुने साइडव्हॉल्व्ह ब्रिग्ज, ५ हॉर्सपॉवर. हेड किती घासून घेऊ? आणि गॅसकेट दरवेळी का फुटते?

उत्तर : ओव्हरहेड व्हॉल्व्ह इंजिनात घासण्याचा हिशेब सरळ आहे. १९६ सीसी आणि ८.५ कॉम्प्रेशन म्हणजे वर सुमारे २६ सीसी जागा. ६८ मिमी बोअरवर अर्धा मिमी कमी केला की १.८ सीसी जाते आणि कॉम्प्रेशन ९ च्या थोडे वर पोहोचते. साइडव्हॉल्व्हमध्ये हा हिशेब अपुरा पडतो. तिथे व्हॉल्व्ह सिलिंडरच्या शेजारी असतात आणि मिश्रणाला व्हॉल्व्हवरून, हेडखालच्या अरुंद पोकळीतून, सिलिंडरकडे वळावे लागते. हेड जास्त घासले की ही वाटच आवळली जाते. कॉम्प्रेशन वाढते, पण वरच्या फेऱ्यांना श्वास कोंडतो. खूप लोक मिमीभर घासतात आणि ताकद का गेली म्हणून कार्बोरेटर उघडतात. अर्ध्या मिमीपासून सुरुवात करा. मशीनवर द्यायचे नसेल तर जाड काचेवर २२० चा आणि मग ४०० चा पॉलिशपेपर ठेवून, तेल टाकून, आठच्या आकड्यासारखे घासा. पूर्ण तोंड एकरंगी झाले की सपाट झाले. नंतर व्हॉल्व्हवर मऊ माती ठेवून, जुन्या गॅसकेटसह हेड आवळून क्रँक फिरवा आणि दबलेल्या मातीची जाडी मोजा. १ मिमीच्या खाली गेला असाल तर व्हॉल्व्ह हेडला लागण्याचा धोका आहे.

गॅसकेट फुटते ते बहुधा एक्झॉस्ट व्हॉल्व्हच्या बाजूने. तो भाग सर्वांत जास्त तापतो आणि तिथला ब्लॉक उचलला जातो. ब्लॉकवर स्टीलची पट्टी उभी धरून उजेडासमोर पाहा, फट दिसेल. ब्लॉकचे तोंडही सपाट करून घ्या. बोल्ट समोरासमोरच्या क्रमाने, तीन टप्प्यांत, १६ न्यूटन-मीटरपर्यंत आवळा. एकदा तापवून पूर्ण थंड झाल्यावर परत आवळा. ही दुसरी आवळणी चुकवणाऱ्यांचेच गॅसकेट पुन्हा जाते. आणि फ्लायव्हीलवरचे पत्र्याचे आवरण देखाव्यासाठी काढले असेल तर लगेच लावा. पंख्याचा वारा त्याच्यामुळेच हेडच्या पट्ट्यांपर्यंत जातो.

प्रश्न : पेट्रोलऐवजी मेथॅनॉल वापरावे का?

उत्तर : नियमांत परवानगी असेल आणि पेट्रोलवर इंजिन नीट लागलेले असेल तरच. पेट्रोलच्या एका भागाला हवा १४.७ भाग लागते, मेथॅनॉलला ६.४. म्हणजे इंधन सव्वादोन पट हवे, आणि जेट, नीडलची जागा, नळी सगळे त्या मापाचे लागते. इंजिन थंड राहते हा मोठा फायदा. पण मेथॅनॉल विषारी आहे, कातडीतूनही शरीरात जाते, आणि त्याची ज्वाळा उजेडात दिसत नाही. शर्यत संपल्यावर कार्बोरेटर रिकामा करून पेट्रोलने धुवावा लागतो, नाहीतर ॲल्युमिनियम गंजते.

प्रश्न : पुलीचे माप कसे ठरवू? मला ताशी ४५ किलोमीटर पुरेत.

उत्तर : चाकाचा व्यास ३८ सेंटीमीटर असेल तर एका फेऱ्यात गाडी सुमारे १.१९ मीटर जाते. इंजिन ५५०० फेऱ्यांवर आणि एकूण उतार ९ ला १ (इंजिनाच्या ९ फेऱ्यांना चाकाचा एक) धरला तर चाक मिनिटाला ६११ फेरे फिरते, म्हणजे ताशी ४४ किलोमीटरच्या आसपास. पट्टा थोडा घसरतो, तेवढे कमी धरा. सरळ रस्त्याच्या शेवटी इंजिन ठरलेल्या फेऱ्यांना पोहोचत नसेल तर इंजिनावरची पुली लहान करा. लवकर पोहोचून तिथेच किंचाळत राहत असेल तर मोठी करा. पुली स्टीलची घ्या.

होंडाच्या मीन मोअरने २०१४ मध्ये ताशी १८७ किलोमीटर गाठले म्हणून एकाने विचारले आहे, तसे आपल्याला जमेल का. त्या यंत्रात लॉनमोअरचे इंजिन नव्हते. हजार सीसीच्या मोटरसायकलचे होते.

प्रश्न : तिसऱ्या शर्यतीत रॉड तुटला. रॉड बिलेट होता. नवा घालण्याआधी कारण कसे ओळखू?

उत्तर : तुकडे फेकू नका. सगळे गोळा करून, धुऊन, कापडावर मांडा. आधी क्रँकपिन बघा. ती निळी-काळी पडली असेल आणि तिच्यावर ॲल्युमिनियम लिंपल्यासारखे चिकटले असेल तर रॉड तेलावाचून पिनला धरला आणि मग तुटला. तेल कमी होते, पळी वाकली होती किंवा बेअरिंगची फट कमी होती. पिन चकचकीत आणि स्वच्छ असेल, तर बोल्ट हातात घ्या. आट्यांजवळ कंबर बारीक झालेला, ताणलेला बोल्ट म्हणजे जास्त आवळला गेला किंवा जुनाच पुन्हा वापरला. बोल्ट सरळ आहे पण आटे घासून गुळगुळीत झालेत, तर तो सैल होऊन टोपी हलत होती. दोन्ही बोल्ट ठीक असून रॉड मधल्या दांड्यात तुटला असेल तर तुटलेले तोंड उजेडात तिरपे धरा. शिंपल्यावर असतात तशा एकाभोवती एक रेषा एका बिंदूपासून पसरलेल्या दिसल्या तर चीर जुनी आहे, त्या बिंदूपाशी ओरखडा किंवा पान्याचा घाव सापडेल. रेषा नसून सगळे तोंड खरखरीत, एकाच रंगाचे असेल तर एका झटक्यात तुटला : फेरे हाताबाहेर गेले होते.

क्रँकपिनवर चिकटलेले ॲल्युमिनियम पॉलिशपेपरने घासून काढू नका. ब्लॉक बाजूला ठेवून पिनवर म्युरिॲटिक ॲसिडमध्ये बुडवलेला बोळा फिरवा, ॲल्युमिनियम विरघळते आणि स्टील राहते. मोकळ्या हवेत, हातमोजे आणि चष्मा घालूनच हे करा, लगेच पाण्याने धुऊन तेल लावा. मग मायक्रोमीटरने पिन आडवी आणि उभी मोजा. दोन मापांत फरक आला तर क्रँकही बदलावा लागेल.